फॉन्ट उतरवून घ्या

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मुंबईहून निघालेला माणूस पनवेल ओलांडून पळस्पे फाट्यावर आला की रस्ता दुभंगतो. एक वाट पुण्याकडे जाते, दुसरी पेण-महाड करत गोव्याकडे. ही गोव्याची वाट आमच्या पिढीला 'सतरा नंबर' म्हणूनच ठाऊक. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि सतराचा सहासष्ट झाला, पुण्याकडच्या चाराचा अठ्ठेचाळीस झाला. पाट्या बदलल्या. तरीही फाट्यावर एखादा म्हातारा 'सतरा नंबरला सोड रे' म्हणाला, तर रिक्षावाला त्याला बरोबर जागी सोडतो. नाव निवृत्त झाले, सोय चालू राहिली. असे जमले तर उत्तमच. पण प्रत्येक वेळी इतके सोपे नसते. आज मी ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे, ती एका वेबसाइटवरच्या एका बटणाची गोष्ट आहे. ते दुरुस्त करावे की काढून टाकावे, या प्रश्नाने आम्हा चार-पाच जणांचे दोन पावसाळे खाल्ले.

२००२ साली आमच्या वाचनालयातल्या मंडळींनी गावाची एक वेबसाइट केली. मी काही संगणकातला तज्ज्ञ नाही. शाळेत गणित शिकवत होतो, आणि गणिताच्या मास्तराला संगणक येतच असणार अशी त्या काळी एक समजूत होती, तिचा मी बळी. वेबसाइटवर वाचनालयातल्या पुस्तकांची यादी होती, गावच्या जत्रेची माहिती होती, दहावीत पहिल्या आलेल्या मुलांची नावे होती. आणि एक विभाग होता तो मात्र आम्ही जीव लावून केला होता. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन, त्यांच्या ओटीवर बसून, आम्ही शेतांची नावे लिहून घेतली होती. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असते, खातेदाराचे नाव असते. पण घरात कोणी 'आज गट नंबर अमुकमध्ये लावणी आहे' असे म्हणत नाही. प्रत्येक खाचराला नाव असते. कुणाचे आंब्याखालचे, कुणाचे ओढ्याकाठचे, कुणाचे आजीच्या माहेरून आलेले. रस्ते रुंद झाले, भराव पडले, गोदामे उभी राहिली, आणि त्या नावांना चिकटलेली जमीनच दिसेनाशी झाली. ती नावे आमच्या वह्यांत होती आणि नंतर त्या वेबसाइटवर. वह्यांतल्या दोन २६ जुलै २००५ च्या पावसात भिजून लगदा झाल्या, हे आत्ताच सांगून ठेवतो.

वेबसाइटच्या पहिल्या पानावर, अगदी वर, लाल अक्षरांत एक बटण होते : 'फॉन्ट उतरवून घ्या'. ते मराठीत वाचायचे तर आधी फॉन्ट हवा, म्हणून ते बटण मराठी अक्षरांचे चित्र काढून लावले होते. आज पंचविशीतल्या मुलांना हे सांगितले की त्यांना हसू येते. मराठी वाचण्यासाठी काहीतरी उतरवून घ्यायचे? पण तेव्हा तसेच होते, आणि का होते हे समजल्याशिवाय पुढचा पेच कळणार नाही.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिलेला असतो. जुन्या पद्धतीत असे एकूण २५६ आकडे उपलब्ध होते. त्यातली पहिली निम्मी जागा इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राच्या स्वतःच्या खुणा यांनी अडवलेली. मराठीसाठी वेगळी जागाच नव्हती. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवले. संगणकाला वाटायचे आपण इंग्रजी 'के' दाखवतो आहोत. पडद्यावर दिसायचा एखादा काना किंवा अर्धा ष. नाटकातल्या पात्रासारखे. नट तोच, वर वेश मराठीचा. फॉन्ट म्हणजे तो वेश. वेश नसेल तर नट उघडा पडतो, आणि वाचणाऱ्याला दिसते डोक्यावर टोपी घातलेली इंग्रजी ई, खाली शेपूट आलेला सी, मध्येच पौंडाची खूण.

बरे, प्रत्येक कंपनीचा वेश निराळा. एकीने जिथे काना ठेवला तिथे दुसरीने मात्रा ठेवली. त्यामुळे एका कंपनीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे. म्हणजे मराठी एकच, पण संगणकात तिच्या पंचवीस गुप्त लिप्या. याला तोड काढण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून जाहीर केली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत जागा देणारे युनिकोड त्याच वर्षी आले, आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधी तयार झालेल्या आराखड्यावर बेतलेली आहे. पण प्रमाण ठरवणे निराळे आणि ते पनवेलच्या डीटीपीवाल्याच्या दुकानात पोचणे निराळे. आमच्या वाचनालयात विंडोज ९८ होते. त्याला युनिकोडमधली देवनागरी नीट दाखवताच येत नसे. विंडोज २००० आणि एक्सपीला येत असे, पण एक्सपीत त्यासाठी आत कुठेतरी एक खूण करून सीडी घालावी लागे. कुणाच्याही मदतीशिवाय आपोआप मराठी दिसायला व्हिस्टा यावे लागले, म्हणजे २००७. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला तेव्हा तो वाचता येणारी माणसे किती थोडी असतील, याची यावरून कल्पना करावी.

तेव्हा आमचे बटण हा मूर्खपणा नव्हता. त्या काळातली ती योग्य सोय होती. जुन्या सोयीबद्दल निर्णय घेताना हे आधी कबूल करावे, नाहीतर माणूस उगाच मागच्यांना शहाणपण शिकवत बसतो.

या बटणाचा एक चुलतभाऊही होता. फॉन्ट वाचकाने उतरवण्याऐवजी पानासोबत आपोआप यावा अशी व्यवस्था मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ४ मध्ये केली होती. अनेक मराठी वेबसाइटींनी ती घेतली. पण ती चाले फक्त त्या एका ब्राउझरमध्ये. २००४ मध्ये फायरफॉक्स आला, २००८ मध्ये क्रोम आला, आणि त्यांत ही पाने उघडली की पुन्हा तोच टोप्या-शेपट्यांचा बाजार. इंटरनेट एक्स्प्लोररला १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले गेले. मधल्या काळात 'पद्मा' नावाचे एक जोडसॉफ्टवेअर फायरफॉक्समध्ये बसवले की असली जुनी पाने जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून दिसत. मी ते वापरले आहे, आणि ते करणाऱ्याला मनोमन दुवा दिला आहे. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने जुन्या धाटणीची सगळीच जोडसॉफ्टवेअरे बंद केली आणि तो आधारही गेला. ठिगळाचेही वय असते.

आता आमच्या वेबसाइटकडे येतो. मधली बरीच वर्षे तिच्याकडे कुणी पाहिले नव्हते. वार्षिक भाडे वाचनालयाच्या खर्चात 'इतर' या रकान्यात जात होते, म्हणून ती जिवंत होती इतकेच. मग एक दिवस वाचनालयाच्या पत्त्यावर परदेशातून एका मुलीचे पत्र आले. तिच्या आजोबांनी आम्हाला सांगितलेली आठवण आमच्या वेबसाइटवर आहे असे तिच्या वडिलांनी तिला सांगितले होते. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिने पान उघडले तर काही वाचता येईना. बटण दाबून पाहिले तर संगणक म्हणाला, ही फाइल धोकादायक असू शकते, आणि उतरवू देईना. तिने विचारले होते, 'यात काय लिहिले आहे ते मला कोणी सांगू शकेल का?'

संगणक चूक म्हणत नव्हता. आमची फाइल म्हणजे दाबताच स्वतःहून उलगडणारा एक प्रोग्राम होता. अनोळखी वेबसाइटवरून असा प्रोग्राम घेऊन चालवू नये, हे आज आपण मुलांना शिकवतो. शिवाय तो फॉन्ट असा वाटण्याचा आम्हाला हक्क होता का, हाही प्रश्न होताच. तेव्हा तो कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

आम्ही बसलो. वेबसाइटवर जुन्या झालेल्या सोयी तीन होत्या. एक 'आजवर आलेले पाहुणे' असे दाखवणारा आकडा. तो पुरवणारी फुकट सेवा केव्हाच बंद झाली होती आणि जागी एक तुटके चित्र दिसत होते. ते काढायला पाच मिनिटे लागली आणि कुणाला वाईट वाटले नाही. दुसरी 'पाहुण्यांची वही'. तिच्यात सुरुवातीचे चाळीसेक मराठी अभिप्राय आणि नंतर औषधे, घड्याळे आणि कर्ज विकणाऱ्यांच्या हजारो जाहिराती. ते चाळीस अभिप्राय राखून नवे लिहायची सोय बंद केली. तिसरी सोय म्हणजे हे बटण. इथे आमच्यात तट पडले.

एक गट म्हणाला, काढून टाका. त्यांच्याकडे आकडे होते. कोणते पान किती वेळा उघडले याची नोंद वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकावर होत असते. त्यावरून दिसत होते की जुनी पाने फारशी कुणी उघडत नाही, आणि जे उघडतात त्यातले बहुतेक शोधयंत्रांचे फिरते हस्तक, माणसे नव्हेत. फॉन्ट तर गेल्या वर्षभरात कुणी उतरवलाच नव्हता. मग हे कशासाठी सांभाळायचे?

हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण मला एसटीचा थांबा आठवला. एसटी थांबायची बंद झाली की हळूहळू माणसे थांब्यावर उभी राहायची बंद होतात. मग तपासायला आलेला साहेब लिहितो, 'थांब्यावर प्रवासी आढळले नाहीत.' मोडलेल्या सोयीचा वापर मोजून तिची गरज ठरवता येत नाही. आमची पाने शोधयंत्रालाही वाचता येत नव्हती, कारण त्यालाही दिसत होते ते आतले उघडे इंग्रजी. कुणी गावाचे नाव मराठीत टाकून शोधले असते तरी आमचे पान त्याच्यापुढे आले नसते. सापडतच नाही ते कोण उघडणार?

दुसरा गट म्हणाला, दुरुस्त करा, आणि दुरुस्ती सोपी आहे. वाचनालयात येणारा एक तरुण अभियंता म्हणाला, 'सर, एक तासाचं काम आहे.' त्याचे म्हणणे असे की पानासोबत फॉन्ट आपोआप पाठवण्याची सोय आता सगळ्याच ब्राउझरांत आहे. जुना फॉन्ट त्या नव्या पद्धतीने पानाला जोडला की बटण नको, उतरवणे नको, मजकुराला हात लावायला नको. त्याने एक पान करून दाखवले. मोबाइलवर मराठी झळाळून उठले. सगळे खूश. मीही.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नियमित येणाऱ्या एका अंध वाचकाला मी मोठ्या उत्साहाने ते पान दाखवायला गेलो. 'दाखवायला' हा शब्द आपण कसा सहज वापरतो पाहा. त्याच्या संगणकावर एनव्हीडीए नावाचा, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम आहे. त्याने पान उघडले आणि त्या यंत्राच्या आवाजाने सुरुवात केली : इंग्रजी अक्षरे, कंस, टक्के, पौंड, डॉलर. तो शांतपणे म्हणाला, 'सर, हे मराठी नाहीये.'

खरे होते. वेश पुन्हा चढवला होता, आत नट तोच होता. पान दिसायला मराठी झाले होते, असायला नाही. त्यातला एक शब्दही शोधता येत नव्हता, उचलून दुसरीकडे चिकटवता येत नव्हता, यंत्राला वाचता येत नव्हता. एका तासाची दुरुस्ती ही रंगकाम होती. रंगकाम वाईट नसते, पण घराला ओल आली असेल तर ते ओल लपवते. माझ्या मते जुन्या सोयींच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारा निर्णय हाच, कारण सगळ्यांना वाटते प्रश्न सुटला, आणि मग त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

उरला तिसरा मार्ग. मजकूर खराखुरा युनिकोडमध्ये आणायचा. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण म्हणून जाहीर केले आणि आज मोबाइलपासून सातबाऱ्यापर्यंत सगळे त्यातच चालते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर बदलून देणारे प्रोग्राम मिळतात. मग अडचण कुठे? अडचण मराठीच्या लिहिण्यात आहे, आणि ती मोठी गमतीची आहे.

पहिली वेलांटी घ्या. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि क नंतर. उच्चारात मात्र क आधी, इ नंतर. जुना फॉन्ट म्हणजे चित्रांची रांग, त्यामुळे त्यात वेलांटी आधी. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने जाते, त्यामुळे त्यात वेलांटी नंतर. म्हणजे बदलताना वेलांटी उचलून अक्षराच्या पलीकडे ठेवायला हवी. एकच अक्षर असेल तर ठीक. पण 'स्थिती'मध्ये वेलांटीपुढे अर्धा स आहे आणि मग थ. प्रोग्रामने एकच उडी मारली तर ती अर्ध्या स वर जाऊन बसते आणि शब्द होतो 'सि्थती'.

रफाराचे याच्या उलट. 'पूर्वेला' या शब्दात र् चा उच्चार व च्या आधी, पण त्याचे चित्र व वर, मात्रेच्याही नंतर. युनिकोडमध्ये त्याला मात्रा आणि व, दोन्ही ओलांडून मागे न्यावे लागते. अर्धवट नेला तर 'पूवेर्ला'. इंटरनेटवरच्या जुन्या मराठी पानांत 'वषेर्', 'धमार्त' असे शब्द तुम्ही पाहिले असतील. ते लिहिणाऱ्याचे अज्ञान नव्हे, बदलणाऱ्या यंत्राची अर्धी उडी. आमच्या शेतांच्या वर्णनात 'पूर्वेला ओढा', 'मार्गाच्या वर', 'सर्व भावांचे' असे शब्द ओळीओळीला. शिवाय मराठीचा खास अर्धा ऱ. 'दुसऱ्या', 'सुपाऱ्या', 'दोऱ्या' यांतला. हिंदीसाठी केलेल्या प्रोग्रामांना तो माहीतच नसतो. ते त्याचा सरळ रफार करून मोकळे होतात. आणि 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्येच २००८ साली आले. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवण्यासाठी नाना खटपटी करत.

आणखी एक. जुन्या फॉन्टांत ग, ण, श अशी अक्षरे अर्धे अक्षर अधिक काना अशी जोडून काढलेली असत. म्हणजे पडद्यावर उभी रेघ दिसली की ती अक्षराचा भाग आहे की खरोखरीचा काना, हे प्रोग्रामला संदर्भावरून ठरवावे लागते. टंकलेखकाने चुकून रेघ दोनदा दाबली असेल तर 'गण'चा 'गाण' व्हायला वेळ लागत नाही. मधूनच कुणी इंग्रजीत ई-मेलचा पत्ता लिहिला असेल तर यंत्र त्याचेही इमानेइतबारे मराठी करते. आमच्या एका माजी सरपंचांचा पत्ता असा काही झाला होता की तो त्यांच्यासमोर वाचणे शक्य नव्हते.

सारांश, यंत्राने शंभरातले नव्वद शब्द बरोबर केले तरी उरलेले दहा माणसानेच वाचून सुधारायला हवेत. आणि ते दहा कोणते, हे शंभर वाचल्याशिवाय कळत नाही. आमच्या १४० पानांना किती वेळ लागेल याचा हिशेब मी मांडला. गणिताचा मास्तर शेवटी कामाला आला. दोन माणसे रोज संध्याकाळी तासभर बसली तर सात-आठ महिने. आमच्यातले दोघेजण सत्तरीपलीकडचे.

तेव्हा सगळेच दुरुस्त करायचे की नाही, हा प्रश्न पुन्हा आला, पण आता त्याचे रूप बदलले होते. 'बटण ठेवायचे का' हा मुळात चुकीचा प्रश्न होता. बटण कशासाठी होते? मजकूर वाचता यावा म्हणून. मग पाहायचे ते मजकुराकडे, आणि तेही पानागणिक. पुस्तकांची यादी? ती वाचनालयाच्या नोंदवहीत अधिक अद्ययावत आहे. जत्रेचे वेळापत्रक २००३ चे? त्याचे छापील पत्रक आमच्याकडे आहे. दहावीची नावे? शाळेत आहेत. या पानांचे छायाचित्रासारखे रूप करून ते वाचनालयाच्या संगणकात आणि एका पेनड्राइव्हवर ठेवले आणि वेबसाइटवरून ती उतरवली. त्यांच्या जागी एक ओळ लिहिली की हे पान अमुक तारखेला काढले, प्रत वाचनालयात पाहता येईल. एवढे करायला फार लागत नाही, पण करतात थोडे. बंद दुकानावर 'समोरच्या गल्लीत हलवले आहे' अशी पाटी नसली की गिऱ्हाईक समजते, मालक गेला.

उरली ६२ पाने, म्हाताऱ्या माणसांची. त्यांना दुसरी प्रत नव्हती. तिथे काटकसरीचा प्रश्नच नव्हता.

मोठ्या जगातही हे प्रश्न असेच सुटतात किंवा बिघडतात, हे मला नंतर वाचताना कळले. याहूची जिओसिटीज ही फुकट वेबसाइटींची वसाहत २००९ मध्ये बंद झाली. लाखो साध्या माणसांची पाने तिच्यावर होती; त्यातली जी वाचली ती स्वयंसेवकांनी आणि अमेरिकेतल्या 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेने घाईघाईने उतरवून घेतली म्हणून. याउलट 'फ्लॅश'चे पाहा. हलती चित्रे आणि खेळ दाखवणारे हे तंत्र अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केले, पण ते बंद होणार हे २०१७ मध्येच सांगितले होते. मध्ये साडेतीन वर्षे मिळाली. तेवढ्यात जुने फ्लॅश नव्या ब्राउझरात चालवणारे प्रोग्राम लोकांनी लिहिले आणि आर्काइव्हने हजारो जुने खेळ त्यावर चालते ठेवले. आपल्याकडे सातबाऱ्याचे उदाहरण आहे. महाभूलेखवर सातबारा नुसता पाहायची सोय होती. त्यावर सही नाही, त्यामुळे सरकारी कामाला तो चालत नसे, आणि तसे त्यावर लिहिलेलेही असे. १ मे २०१८ पासून डिजिटल सही असलेला सातबारा मिळू लागला. तेव्हा जुनी सोय लगेच बंद करता आली असती. पण ती तशीच शेजारी राहू दिली. ज्याला कचेरीत द्यायचा आहे त्याने पैसे भरून सहीचा घ्यावा. ज्याला घरबसल्या नुसते पाहायचे आहे की आपले नाव आहे ना, त्याने फुकट पाहावे. दोन्ही गरजा वेगळ्या होत्या. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

आम्ही ६२ पाने पुरी केली, ती आठ नव्हे तर चौदा महिन्यांत. पानांचे पत्ते बदलले नाहीत. जुन्या पत्त्यावरच नवा मजकूर ठेवला, म्हणजे कुणी वीस वर्षांपूर्वी वहीत लिहून ठेवलेला पत्ता टाकला तरी तो पोचेल. लाल बटण काढले. त्या मुलीला तिच्या आजोबांचे पान पहिल्या आठवड्यातच पाठवले होते. तिला मराठी वाचता येत नव्हते. तिने ते मोबाइलला वाचायला लावले आणि ऐकले. ते पान मजकुरात आले नसते, नुसते रंगवले असते, तर तिला ते ऐकू आले नसते.

एका गोष्टीत मात्र आम्ही हरलो. कधीतरी मधल्या काळात कुणीतरी, बहुधा मीच, काही फायली चुकीच्या प्रकारे उघडून जतन केल्या होत्या. जुन्या फॉन्टांत जोडाक्षरे वरच्या आकड्यांच्या जागांवर असत, आणि चुकीच्या संकेतप्रणालीत जतन केले की त्यातल्या काही जागा पुसल्या जाऊन तिथे प्रश्नचिन्ह येते. ते कायमचे. असे अकरा शब्द निघाले. दहा आम्ही संदर्भाने लावले. अकरावा एका शेताचे नाव आहे : आधी ह, मग प्रश्नचिन्ह, मग दुसरी वेलांटी, मग 'चं शेत'. हत्तीचं शेत? हद्दीचं शेत? हट्टीचं? ज्या वहीत ते होते ती लगदा झालेल्या दोहोंपैकी एक. सांगणारे गृहस्थ हयात नाहीत.

मी त्यांच्या शेजारच्या आजींकडे गेलो. त्यांनी एका दमात सांगितले की ते हद्दीचं. त्याच्यापुढे दुसऱ्या गावची शीव लागत असे, आणि हत्ती इकडे यायला काय राजाचा वाडा होता का? तिथून निघालो आणि फाट्याजवळ एका आबांना विचारले. ते म्हणाले, हत्तीचंच. त्यांच्या लहानपणी सर्कशीवाल्यांचा हत्ती सतरा नंबरने जाताना त्या शेताच्या बांधावर पाण्याला थांबला होता, ते स्वतः पाहायला धावले होते. आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, 'तो थांबला असंल. पण त्याच्या आधी शेताला नाव नव्हतं का?'

त्या पानावर आम्ही ते प्रश्नचिन्ह तसेच ठेवले आहे. खाली दोघांचे म्हणणे लिहिले आहे, आणि आणखी कुणाला माहीत असेल तर वाचनालयात संध्याकाळी पाच ते आठ या वेळात येऊन सांगावे, असेही.